तुरीचं बी आमच्या घरात राहू द्या : परभणीच्या शास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू महोदय आणि तूर पैदासकार शास्त्रज्ञ,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी,
आणि कृषी संशोधन केंद्र, बदनापूर

सप्रेम नमस्कार.

मी अंबड तालुक्यातला शेतकरी. सहा एकर रान आहे. त्यातलं अडीच एकर दरसाल सोयाबीन-तुरीला असतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो तुम्हीही पाहिला. आमच्या खालच्या वावरात आठ दिवस पाणी हटलं नाही. सोयाबीन गेलं ते गेलंच. तूर मात्र हिरवी दिसत होती, म्हणून जीव थोडा थाऱ्यावर होता. पाणी ओसरल्यावर आत शिरलो, तर सखल भागातली झाडं खोडाजवळ खोलगट, तपकिरी चट्टे पडून तिथंच मोडायला लागली होती. वरच्या अंगाची तूर तगली आणि फुलात आली. दिवाळीनंतर तीही उधळायला लागली. आज पान मलूल, चार दिवसांनी अख्खं झाड वाळलेलं, आणि शेजारचं झाड हिरवंगार.

एक झाड उपटलं. बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा सालीवर स्पष्ट दिसत होता. विळ्यानं खोड उभं चिरलं. पांढऱ्या लाकडात काळपट रेघ, कुणी काजळकाडी ओढावी तशी. ज्या नळीतून झाड पाणी पितं ती नळीच बुरशीनं बुजवलेली. तुमच्या भाषेत फ्युजॅरियम उडम, आमच्या भाषेत मर. ती एकदा रानात शिरली की पीक काढून घेतल्यावरही धसकटात आणि मातीत वर्षानुवर्षं बसून राहते, हे तुम्हीच आम्हाला शिवारफेरीत सांगितलेलं आहे.

हे सगळं लिहायचं कारण असं, की गावात पारावर सध्या एकच वाद चालतो. शिकलेली पोरं म्हणतात, बीटी कापसासारखी, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेली जीएम तूर आणा म्हणजे कटकट मिटेल. दुसरी बाजू म्हणते, जीएम म्हणजे विष, ताटात नको. दोन्हीकडची माणसं माझी आहेत आणि दोघांचंही ऐकून मला वाटतं की मुद्द्याचं कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. हा वाद प्रयोगशाळेत सुटायचा की शिवारात, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

आधी माझ्या आईचं सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा एका वर्षी आमची अर्ध्याच्या वर तूर मरीनं गेली. आई हातात जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या घेऊन वावरात फिरली आणि मेलेल्या झाडांच्या घोळक्यात जे झाड ताठ उभं होतं, त्याला तिनं चिंधी बांधली. काढणीच्या वेळी ती झाडं वेगळी कापली, वेगळी झोडपली, बी राखेत घोळून मडक्यात भरलं आणि तोंड शेणानं लिंपलं. पुढच्या वर्षी तेच पेरलं आणि पुन्हा चिंध्या बांधल्या. तिसऱ्या वर्षी मर निम्म्यानं कमी झाली होती. याला पुस्तकात निवड पद्धत म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आईला ते नाव माहीत नव्हतं, कामाची रीत मात्र तिला नेमकी माहीत होती.

पण त्या रीतीला जिथं भिंत लागली तेही सांगायला हवं. एक म्हणजे तूर मधमाशीची लाडकी. तिच्या फुलात परागीकरण घरच्या घरी होतं तसं माशीमार्फत शेजारच्या झाडाशीही होतं. त्यामुळं आईच्या चिंधीच्या झाडात पलीकडच्या कमजोर झाडाचा पराग मिसळत राहिला. तुम्ही ओळींवर जाळी टाकता, कळ्यांना पिशव्या बांधता ते का, हे मला तेव्हा उमगलं. दुसरी भिंत वांझ रोगाची. मरीला तोंड देणारं आईचं बी वांझ रोगापुढं टिकलं नाही. झाडं झुडपासारखी फोफावली, पानं फिकट, बारीक, चुरगळलेली, आणि फूलच नाही. डोळ्याला न दिसणारा कोळी हा रोग झाडागणिक पोचवतो, त्यामागं विषाणू आहे, हे तर शास्त्रालाही पक्कं समजायला विसावं शतक संपावं लागलं. आई काय करणार होती?

तिथं बदनापूर कामी आलं. माझ्या मामांनी तिथल्या बीएसएमआर ७३६ या वाणाचं चार किलो बी आणून दिलं. लाल दाण्याची ती तूर आमच्या रानात मर आणि वांझ दोन्ही सोसून उभी राहिली. पुढं बीडीएन ७११ आली, पांढऱ्या दाण्याची, लवकर निघणारी, हलक्या-मध्यम रानाला परवडणारी. मग ७१६, मग गोदावरी. यातलं एकही वाण जीएम नाही. ही सगळी नेहमीच्या पैदाशीतून, संकर करून, पिढ्यानुपिढ्या निवड करून काढलेली सरळ वाणं आहेत, म्हणजे घरचं बी राखून पेरलं तरी तसंच उगवणारी. मी एकदा केंद्रावर तुमचं ते मुद्दाम रोगट ठेवलेलं रान पाहिलं होतं. मरीनं मेलेली झाडं तुम्ही त्याच मातीत गाडता, मधेमधे रोगाला हमखास बळी पडणारं वाण पेरता आणि त्या आगीतून जी ओळ जिवंत निघेल तीच पुढं नेता. लोक आपलं रान निरोगी ठेवायला धडपडतात आणि तुम्ही तेवढ्याच निगुतीनं रोग जोपासता. आईच्या चिंध्यांची आठवण मला तिथं आली होती. काम तेच होतं, फक्त शंभरपट शिस्तीचं.

म्हणून जे म्हणतात की जुनी पैदास संपली, आता जनुकच हवं, त्यांच्याशी मी सहमत नाही. पण जे म्हणतात की प्रयोगशाळेतलं काही नकोच, त्यांनाही मी बटाट्याची गोष्ट सांगतो.

बटाटा आमचं पीक नाही. आमच्याकडं तो मोंढ्यातून येतो. पण रोगाशी लढाई कशी असते हे त्याच्याइतकं कुठल्या पिकानं भोगलं नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली. तेवढीच, किंबहुना जास्त, देश सोडून गेली. कारण सोपं होतं. बटाटा डोळ्यातून लावतात, बियातून नाही. त्यामुळं अख्ख्या देशात जणू एकच झाड उभं होतं. एकाला लागलं ते सगळ्यांना लागलं. ज्या जिवानं ते केलं त्याचं नाव फायटोप्थोरा. आणि सप्टेंबरात माझ्या खालच्या वावरात खोडावर चट्टे पाडून तूर मोडणारा करपा याच कुळातला आहे. म्हणजे ही सातासमुद्रापारची गोष्ट नाही. ते भाऊबंद आमच्याही बांधाच्या आत आलेले आहेत.

करप्याला दाद न देणारा जंगली बटाटा मेक्सिकोत सापडला. पण त्याचा आपल्या खायच्या बटाट्याशी थेट संकर होत नाही. मधे दुसऱ्या जंगली जातींचा पूल बांधून हॉलंडच्या पैदासकारांनी ते गुण हळूहळू आणले. पहिल्या संकरापासून बाजारात वाण यायला ४६ वर्षं लागली. एका माणसाची अख्खी नोकरी संपते तरी काम संपत नाही. त्यातून बटाट्यात गुणसूत्रांचे चार-चार संच असतात. एकदा संकर केला की मूळचं वाण विस्कटतं आणि जसंच्या तसं परत मिळत नाही. उलट त्याच जंगली जातीतलं एक जनुक २००३ साली वेगळं काढता आलं आणि ते चालत्या वाणात थेट बसवता आलं. चव तीच, आकार तोच, फक्त करप्याशी झुंजायची ताकद नवी. आपल्या सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनंही कुफरी ज्योती या वाणात ते बसवून पाहिलं आहे. ही कुफरी ज्योती १९६८ ची. तेव्हा ती करप्याला दाद देत नव्हती. काळ गेला, रोगानं कात टाकली आणि ज्योती हरली. म्हणजे नेहमीच्या पैदाशीची ढालही फुटते. एका जनुकाची ढाल तर हमखास फुटते. म्हणूनच युगांडासाठी जो बटाटा तयार झाला त्यात एक नव्हे, तीन जनुकं एकदम घातली आहेत.

तेव्हा बटाट्याच्या बाबतीत मला जनुकाचं तंत्र पटतं. पैदाशीची वाट तिथं खरोखरच फार लांबची आहे आणि जनुकही बटाट्याच्याच गणगोतातलं आहे. पण बटाट्याचा न्याय डोळे झाकून तुरीला लावू नका. तुरीत गुणसूत्रांचे दोनच संच, बियातून येणारं पीक, आणि मर-वांझ यांना पुरून उरणारी ताकद आपल्या गावरान तुरींतच आहे. कर्नाटकात गाजलेलं मारुती नावाचं मर-प्रतिकारक वाण पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं महाराष्ट्रातल्या गावरान तुरीतून निवडलं होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. शिवाय तुरीचा अख्खा जनुकसंच २०११-१२ मध्ये वाचून झाला आहे. तो नकाशा हातात असताना रोपाचं एक पान तपासून रोगाला तोंड देणारं झाड लहानपणीच ओळखता येतं, काही बाहेरून घालायची गरजच पडत नाही. मरीसाठी आणि वांझेसाठी ही वाट अजून भरपूर शिल्लक आहे. ती अर्ध्यात सोडून जीएमच्या मागं धावू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग जनुकाचं तंत्र तुरीत कुठं? माझ्या मते जिथं गावरानात आणि संकरात उत्तर सापडत नाही तिथं. शेंगा पोखरणाऱ्या अळीपुढं आजवर एकही वाण ताठ उभं राहिलं नाही. दर मोसमात तीन-तीन फवारण्या होतात. फवारणारा माणूस संध्याकाळी डोकं धरून बसतो, हे मी घरात पाहिलं आहे. तिथं खुशाल काम करा. तरीही त्याआधी तुरीच्या त्या वेलासारख्या रानटी भावंडाकडं एकदा नीट पाहा. त्याच्या शेंगांवरच्या दाट लवेमुळं अळीला ते रुचत नाही आणि त्याचा तुरीशी संकर होतो.

आता कापसाचं. हा धडा मराठवाड्याइतका महाग कुणाला पडला नसेल. २००२ ला बीटी आलं. २००५ साली मी एका पाकिटाला सोळाशेच्या वर रुपये मोजले आहेत. पहिली काही वर्षं बोंडअळी गेली, फवारणी कमी झाली, घरात दोन पैसे आले. हे नाकारणं खोटेपणाचं ठरेल. पण २०१७ च्या दसऱ्यानंतर वरून शाबूत दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. आम्ही पऱ्हाटी उपटून बांधावर टाकली. असं का झालं? पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, ती कडेनं पेरायची होती. म्हणजे तिथं साधी अळी जगली असती आणि बीटीला सरावलेल्या अळीची प्रजा लवकर वाढली नसती. गावात ती पुडी कुणी पेरली नाही, मीही नाही. ती का पेरायची हे पाकिटावर बारीक अक्षरात होतं, समोर बसून समजावून कुणी सांगितलं नाही. वर आम्ही फरदड घेत राहिलो, म्हणजे हंगाम संपला तरी पऱ्हाटी रानात तशीच ठेवली, आणि अळीला बारमाही घर मिळालं.

यात भर म्हणजे आपल्याकडं बीटी आलं ते फक्त संकरित बियाण्यात. चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत ते मुख्यतः सरळ वाणांत आहे. आपल्याला मात्र दरसाल दुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागलं. तुमचाच नांदेड-४४ हा कापूस, तोही संकरितच, एके काळी मराठवाड्याचा राजा होता. त्यात बीटी येईपर्यंत दीड दशक निघून गेलं आणि तोवर आमचं रान खासगी कंपन्यांच्या बियाण्यानं व्यापलं होतं. हे मी दोष द्यायला सांगत नाही. सरकारी संस्था मागं राहिली की रान कुणाच्या ताब्यात जातं, ते आम्ही पाहिलं आहे, एवढंच.

मला खरं बोलायचंय ते इथून पुढं. पारावरचा वाद 'संकर की जनुक' असा चालतो. मी म्हणतो, बी कुणाचं, हे आधी विचारा. बटाट्याचंच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर पेप्सिको कंपनीनं चिप्सच्या बटाट्याच्या वाणावरून दावे लावले. काहींकडून प्रत्येकी एक कोटीच्या वर भरपाई मागितली. आरडाओरड झाल्यावर दावे मागं घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद पुढंही दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत चालला. आता लक्षात घ्या, तो बटाटा जीएम नव्हता. साध्या पैदाशीतून काढलेला होता. आणि दुसरीकडं, जालन्यात उभ्या राहिलेल्या महिको कंपनीचं बीटी वांगं भारतात २०१० च्या फेब्रुवारीत स्थगित झालं. तेच तंत्र बांगलादेशात गेलं, तिथल्या सरकारी संस्थेनं ते तिथल्या सरळ वाणांत बसवलं आणि २०१४ पासून शेतकरी ते लावतात, बी घरी राखू शकतात. म्हणजे साध्या पैदाशीचं बी तुम्हाला कोर्टात नेऊ शकतं आणि जनुक बदललेलं बी तुमच्या मडक्यात राहू शकतं. तंत्रावरून मालकी ठरत नाही. ती ठरवणारी माणसं वेगळी असतात, आणि तुमचं विद्यापीठ त्यांतलं एक असायला हवं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं आम्हाला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, छाप न लावता विकायचाही हक्क दिलेला आहे. उद्या तुरीवर तुम्ही कोणतंही काम कराल, ते सरळ वाणात असू द्या. कुठल्या कंपनीशी करार केलात तर त्यात हे कलम पहिल्या पानावर असू द्या आणि करार मराठीत लोकांसमोर ठेवा.

मधमाशीचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. बटाट्याचं जनुक शेजारच्या वावरात जाऊन फारसं काही करत नाही, कारण शेजारी तोही डोळ्यातूनच लावतो. तुरीचं तसं नाही. माझ्या रानातली जीएम तूर शेजाऱ्याच्या गावरान तुरीत मिसळणारच, त्याला ती नको असली तरी. आणि तूर या मातीत जन्मलेली आहे. तिची रानटी भावंडं इथंच डोंगरकपारीत आहेत. परदेशातून आलेल्या पिकापेक्षा इथं दसपट जपून चालावं लागेल. २०२२ पासून बाहेरचं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात दुरुस्ती करायच्या तंत्राला नियम सैल झाले आहेत आणि २०२५ च्या मे महिन्यात तशी दोन भातवाणं जाहीरही झाली. तुरीतही ते येईल. येऊ द्या. फक्त नवीन नाव दिलं म्हणून तपासणीची शिस्त सैल करू नका आणि जे केलं ते पिशवीवर ठळक लिहा.

एक घरचं दुखणंही सांगतो. तीन वर्षांमागं जवळच्या बाजारातल्या एका दुकानातून बीडीएन ७११ म्हणून बी घेतलं. फुलं आली तेव्हा कळलं, तीन-चार प्रकारची झाडं आहेत. काही लवकर निघाली, काही महिनाभर मागं राहिली, आणि मर लागली ती बरोबर त्या परक्या झाडांना. पावती होती, उपयोग झाला नाही. म्हणून म्हणतो, नवं वाण काढण्याइतकंच जुन्याचं शुद्ध बी गावापर्यंत पोचवणं महत्त्वाचं आहे. १८ मे ला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, परभणीत बियाण्यासाठी माणसं लांबून येतात ती या भरवशापोटीच. प्रत्येक तालुक्यात चार-पाच शेतकरी गट निवडा, त्यांना पायाभूत बियाणं द्या, दुसऱ्या तुरीपासून राखायचं अंतर आणि भेसळ झाड उपटायची रीत शिकवा. आम्ही शिकू. आईनं चिंधी बांधायला कुठल्या शिबिराची वाट पाहिली नव्हती.

आणि शासनाकडं मागणी करताना ते रोगट रान, त्या गावरान ओळींचा साठा आणि ते जोपासणारे मजूर-सहायक यांच्यासाठी आधी पैसे मागा. नवी यंत्रं फोटोत छान दिसतात. मरीनं भरलेली माती कुणाला दिसत नाही, पण मेलेली झाडं तिच्यात दोन वर्षं गाडली नाहीत, तर ती चाचणी परत उभी करायला किती मोसम जातील, हे तुम्हाला ठाऊक आहे.

यंदा खालच्या वावरात, जिथं आठ दिवस पाणी होतं, तिथं अकरा झाडं उभी राहिली. चट्टा नाही, रेघ नाही, शेंगा भरलेल्या. मी त्यांना चिंध्या बांधल्या होत्या. लाल लुगडं राहिलं नाही, म्हणून पोराच्या जुन्या शर्टाच्या. अकराही झाडं वेगवेगळी झोडपून अकरा पुड्या केल्या आहेत. प्रत्येकीवर झाडाची जागा आणि तिथं पाणी किती दिवस होतं ते लिहिलं आहे. कदाचित त्यांत काही नसेल, नशिबानं उंचवट्यावर सापडली असतील. पण तुमच्या त्या रोगट रानात एकेक ओळ टाकून पाहाल का? मे महिन्यात मी पुड्या घेऊन बदनापूरला येतो.

आपला,
अंबड तालुक्यातला एक तूर उत्पादक, जि. जालना